स्लोचा स्क्रू फिरवण्याआधी

नाखवा, तुमची होडी दोन, चार किंवा सहा सिलिंडरची, डिझेलवर चालणारी असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. डिझेल इंजिनाला कार्बोरेटर नसतो. तिथे पंप आणि नोझल असतात, आणि त्यांची दुखणी निराळी. हा लेख पिछाडीला पेट्रोलचं आउटबोर्ड लावून खाडीत आणि किनाऱ्यालगत जाळं टाकणाऱ्यांसाठी आहे. नागाव-काशीदला सुट्टीच्या दिवशी पर्यटकांना फेरी मारून आणणाऱ्यांसाठी आहे, आणि माझ्यासारख्या हौशी माणसांसाठीही, ज्यांना इंजिनातलं थोडंच कळतं पण हात स्वस्थ बसत नाही. आठ, पंधरा, पंचवीस, चाळीस हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक इंजिनं आणि छोटी फोर-स्ट्रोक, एवढाच आपला विषय. मोठ्या नव्या फोर-स्ट्रोकमध्ये आता इंजेक्शन आलं आहे. झाकण उघडल्यावर कार्बोरेटर दिसलाच नाही, तर झाकण पुन्हा लावा आणि कंपनीच्या माणसाला बोलवा.

आपल्याकडे कार्बोरेटरच्या दुखण्याचा हंगाम ठरलेला आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढल्या जातात, झापांनी नाहीतर निळ्या ताडपत्रीनं शाकारल्या जातात आणि आउटबोर्ड पडवीच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहतं. नारळी पौर्णिमेच्या सुमारास तेच इंजिन पुन्हा होडीला लागतं. मग थळपासून श्रीवर्धनच्या जीवना बंदरापर्यंत कुठल्याही धक्क्यावर जा, दृश्य तेच: एक जण दोरी ओढून घामाघूम झालाय, दुसरा चोक धरून बसलाय आणि तिसरा स्क्रू ड्रायव्हर परजत ‘स्लो वाढव, स्लो वाढव’ म्हणतोय. मला भीती या तिसऱ्याची वाटते. कारण एकेकाळी तो मीच होतो.

रेवदंड्याला कुंडलिकेच्या मुखाशी, समोर कोर्लईचा किल्ला आणि ओहोटी नुकती लागलेली. पंधरा हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक, छोटी फायबरची होडी. दहा-बारा मिनिटं इंजिन झकास चाललं, मग दम लागल्यासारखं झालं आणि बंद पडलं. थोडं थांबून दोरी ओढली की चालू, पुन्हा दहा मिनिटांनी बंद. मी तिथेच, हलत्या होडीत, झाकण उघडून कार्बोरेटरचा पितळी स्क्रू अर्धा फेरा आत घेतला, मग एक फेरा बाहेर, मग पुन्हा आत. शेवटी वल्हं मारत परत आलो. धक्क्यावर एका जुन्या मिस्त्रींनी इंजिनाकडे पाहिलंही नाही. पेट्रोलच्या टाकीचं झाकण त्यांनी सैल केलं, आणि ‘फुस्स’ करून हवा आत गेली. झाकणावरचा हवेचा छोटा स्क्रू मी उघडायलाच विसरलो होतो. टाकीतून पेट्रोल खेचलं जात होतं, त्याच्या जागी हवा आत येत नव्हती, म्हणून पुरवठा तुटत होता. कार्बोरेटर निर्दोष होता. तो मी बिघडवला, आणि स्क्रू मुळात कुठे होता हे शोधण्यात दुसरा अख्खा दिवस गेला.

तेव्हा पहिला नियम असा की कार्बोरेटरला हात शेवटी लावायचा. आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू पाहा. मग नळीवरचा रबरी फुगा दाबून पाहा. चार-पाच वेळा दाबल्यावर तो कडक व्हायला हवा आणि कडक राहायला हवा. लगेच मऊ पडला तर त्याच्यातली झडप गेली आहे, किंवा नळी कुठेतरी हवा खाते आहे, किंवा कार्बोरेटरची सुई बसत नाही. इंजिन चालू असताना फुगा चपटा होत असेल, तर टाकीच्या बाजूला काहीतरी अडलं आहे. मग फिल्टर. मग प्लग: काढा, पुसा, गॅप मोजा, आणि शंका असेल तर नवाच लावा, कारण प्लगची किंमत एका फुकट गेलेल्या फेरीच्या पेट्रोलपेक्षा कमी असते. मग कॉम्प्रेशन. दोन सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये मोठा फरक असेल, तर जगातला कुठलाही स्क्रू ते इंजिन स्लोवर गुळगुळीत चालवू शकणार नाही.

आणखी एक, जे फार कमी लोक पाहतात: होडीचा तळ. पाण्यात महिनोन् महिने उभ्या असलेल्या होडीच्या तळाला आणि पंख्याला शिंपल्या, शेवाळ धरतं. मग इंजिन पूर्ण रेसला पूर्वीइतके फेरे घेत नाही, जड चालतं, धूर टाकतं. मालकाला वाटतं, कार्बोरेटरमधल्या जेटचं भोक मोठं झालं. मग तो जेट बदलतो. पंखा वाकलेला असेल किंवा मापाचा नसेल तरी हेच होतं. होडी वाळूवर घेऊन तळ खरवडा, पंखा साफ करा, मग इंजिनाबद्दल बोलू.

आता हे यंत्र करतं काय? गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत जसा फ्लोट असतो, तसाच छोटा फ्लोट कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत असतो. पेट्रोल ठरलेल्या पातळीपर्यंत आलं की सुई बसते आणि पुरवठा बंद होतो. वरून हवा जाते ती एका आवळलेल्या गळ्यातून. कुंडलिकेचं किंवा राजपुरीच्या खाडीचं पाणी ओहोटीला रुंद पात्रात संथ असतं आणि मुखाशी अरुंद जागेत धावतं, तसंच इथे हवेचं होतं. गळ्यात वेग वाढतो, दाब कमी होतो आणि वाटीतलं पेट्रोल जेटच्या बारीक भोकातून वर ओढलं जातं. स्लोवर इंजिन चालतं ते पायलट जेटवर, तिचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. थ्रॉटल उघडत नेला की हळूहळू मेन जेट काम हाती घेते, तिचं भोक साधारण मिलिमीटरभर. आपण ज्याला ‘कार्बोरेटर सेट करणं’ म्हणतो, त्यात दोनच स्क्रू हाताशी असतात. एक थ्रॉटलची पाकळी किती उघडी राहील ते ठरवणारा, म्हणजे स्लोचा. दुसरा पायलटचा, म्हणजे स्लोवरच्या मिश्रणाचा. मेन जेटला स्क्रू नसतो. पूर्ण रेसला इंजिन बिघडलेलं असेल आणि कोणी पायलटचा स्क्रू पिळत असेल, तर तो फक्त वेळ घालवतो आहे.

ऑगस्टातली बहुतेक दुखणी स्क्रूची नसतात, घाणीची असतात. दोन महिने वाटीत राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे राळेसारखा चिकट थर राहतो. पायलट जेटचं भोक एवढं बारीक की तो थर आधी तिथेच बसतो. म्हणून अशा इंजिनाची तक्रार ठरलेली: चोक ओढून चालू होतं, चोक सोडला की बंद पडतं, रेस दिल्यावर बरं चालतं. हे ऐकलं की ड्रायव्हर खाली ठेवा आणि कार्बोरेटर उतरवा.

उतरवण्याआधी मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढा. दांड्या कुठे अडकतात, स्प्रिंग कुठल्या भोकात आहे, हे उद्या आठवणार नाही. खाली पांढरं फडकं किंवा जुनं ताट ठेवा, कारण वाळूत पडलेली पायलट जेट कुणाला सापडल्याचं मी ऐकलेलं नाही. वाटी उघडण्याआधी पायलटचा स्क्रू हलक्या हातानं आत घेत जा आणि किती फेऱ्यांनी बसला ते मोजून लिहून ठेवा. ‘हलक्या हातानं’ हे शब्द पुन्हा वाचा. त्या स्क्रूचं टोक सुईसारखं असतं. जोरानं पिळलं की त्यावर कायमची खाच पडते, आणि मग तो कधीच नीट जुळत नाही.

वाटीत काय सापडतं ते पाहणं हाच निदानाचा अर्धा भाग. तळाशी पाण्याचे थेंब गोळ्यांसारखे फिरत असतील, तर टाकीत पाणी आहे. पांढरी भुकटी असेल, तर खाऱ्या पाण्यानं ॲल्युमिनियम खाल्लं आहे. जेटवर हिरवट बुरशीसारखं दिसत असेल, तर ते पितळेवरचं गंजणं. काळे रबराचे कण असतील, तर नळी किंवा फुगा आतून सुटतो आहे, आणि कार्बोरेटर कितीही धुतलात तरी नळी बदलल्याशिवाय पंधरा दिवसांत पुन्हा हेच होईल.

रबरी आणि प्लास्टिकचे भाग बाजूला काढून मग क्लीनरचा फवारा मारा. डोळ्यांना चष्मा हवाच. या धातूच्या ठोकळ्यात आतून भुयारं आहेत, एका भोकात फवारा मारला की दुसऱ्या भोकातून तो थेट डोळ्यात येतो. पाकळीच्या कडेला दोन-तीन टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतात. स्लोवरून रेसवर जाताना तीच इंजिनाला सांभाळतात, आणि घाईत तीच राहून जातात. प्रत्येक भोकातून पलीकडे फवारा निघतो की नाही ते पाहा, मग हवा मारा. जेट डोळ्यापुढे आभाळाकडे धरा. आत गोल, स्वच्छ उजेड दिसला पाहिजे. कडेला चंद्रकोर दिसली तर अजून घाण आहे.

आणि तार घालू नका. क्लचची केबल सोडवून तिची एक तार जेटमध्ये घुसवणं ही आपल्याकडची जुनी सवय. पितळ मऊ असतं. एक मिलिमीटरचं भोक खरवडून १.१ मिलिमीटर झालं, तर दिसायला फरक शून्य, पण भोकाचं क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढलं. पुढच्या हंगामात ‘इंजिन पेट्रोल फार खातं’ म्हणून तुम्ही माझ्याकडे याल. अगदीच अडलं तर नायलॉनचा धागा किंवा झाडूची हीर.

सुई तपासायची तर कार्बोरेटर उलटा धरा, म्हणजे फ्लोटच्या वजनानं सुई बसेल. मग पेट्रोल येतं त्या तोंडाला रबरी फुगा लावून दाबा. हवा जाता कामा नये. सुलटा धरला की गेली पाहिजे. सुईच्या टोकाला रिंगणासारखी रेघ पडली असेल तर सुई नवी घाला. फ्लोटची उंची मॅन्युअलप्रमाणे मोजा. ती पातळी चुकली तर वरची सगळी जुळणी खोटी पडते. परत बसवताना पॅकिंग नवंच. जुनं पॅकिंग सिलिकॉन फासून चालवण्याचा मोह होतो, पण सिलिकॉनचा कण सुटून आत गेला की पुन्हा पहिल्यापासून. इंजिन आणि कार्बोरेटर यांच्यामधलं पॅकिंग तर विशेष जपा. तिथून हवा घुसली की मिश्रण पातळ होतं आणि स्लो कधीच स्थिर राहत नाही.

इथवर आलात की शंभरातली बरीच इंजिनं स्क्रू मुळातल्या जागी ठेवूनच सुरळीत चालतात. जी चालत नाहीत, त्यांच्यासाठी पुढचं.

जुळणी पाण्यात करायची. ही गोष्ट मी भांडून सांगतो, कारण बहुतेक जण पिंपात करतात. पिंपात इंजिन चालू करून पाहणं ठीक, पाण्याची धार येते का हेही तिथे दिसतं. पण पिंपात पंख्यावर खरा भार नसतो, आणि धुराचा दाबही समुद्रातल्यासारखा नसतो. पिंपात सुरेख स्लो धरलेलं इंजिन धक्क्यावर गिअर टाकताच मरतं. कोरडं तर सेकंदभरही चालवू नका. पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर पाण्यावरच गार राहतो. पाणी नसेल तर तो बघता बघता जळतो, आणि मागोमाग इंजिन.

भरती पुरेशी चढलेली असावी, म्हणजे पंखा वाळू उपसणार नाही. पाणी थबकलेलं असेल तर उत्तम. होडी नाळ आणि पिछाडी दोन्हीकडून धक्क्याला पक्की बांधा. गिअरमध्ये चालवायचं आहे, म्हणजे होडी ओढ घेणार. सोबत एक माणूस हवा, किल स्विचची दोरी त्याच्या मनगटाला. पाण्यात कोणी पोहणारं पोर नाही ना, हे पाहा. आपल्या बंदरांवर ते असतंच. सांडलेलं पेट्रोल पुसून घ्या आणि विडी पेटवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या बुडाशी साचून राहते.

इंजिन दहा मिनिटं चालवून गरम करा. थंड इंजिनावर केलेली जुळणी गरम झाल्यावर बदलते. चोक पूर्ण आत. पायलटचा स्क्रू मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या फेऱ्यांवर ठेवा. मॅन्युअल नसेल तर बसलेल्या जागेपासून दीड फेरा बाहेर, ही सुरुवात. आता पुढचा गिअर टाका आणि थ्रॉटल सगळ्यात खाली आणा.

स्क्रू कुठल्या बाजूला आहे ते आधी पाहून ठेवा. पाकळीच्या पलीकडे, इंजिनाच्या अंगाला असेल तर तो बहुधा मिश्रण सोडतो: आत घेतला की मिश्रण पातळ, बाहेर काढला की जाड. हवा आत येते त्या तोंडाच्या बाजूला असेल तर तो बहुधा हवा सोडतो, मग सगळं उलट. मी पहिला प्रकार धरून लिहितो.

स्क्रू अष्टमांश फेरा आत घ्या आणि थांबा. दहा-पंधरा सेकंद थांबा. इंजिनाला बदल कळायला वेळ लागतो, आणि हात उतावळा असेल तर तुम्ही मागच्या बदलाचं उत्तर पुढच्या बदलाला चिकटवाल. पुन्हा अष्टमांश, पुन्हा थांबा. एका जागी इंजिन डळमळेल, कार्बोरेटरच्या तोंडातून ‘फट्’ करून शिंकेल. ही पातळ बाजूची हद्द. ती जागा लक्षात ठेवा. मग तसाच सावकाश बाहेर या. आधी इंजिन सुधारेल, फेरे वाढतील, मग जड, अडखळत, ढेकर दिल्यासारखं चालायला लागेल, धूर वाढेल. ही जाड बाजूची हद्द. दोन्हींच्या मधोमध या, आणि तिथून अष्टमांश फेरा जाड बाजूला सरका. टू-स्ट्रोकला थोडं जाड मिश्रण मानवतं. पेट्रोल आतल्या भागांना गारही करतं आणि तेलही त्याच्याबरोबरच आत पोचतं.

मग स्लोचा स्क्रू. मॅन्युअलमध्ये किती फेरे हवेत ते लिहिलेलं असतं, गिअरमध्ये आणि न्यूट्रलमध्ये वेगळे. प्लगच्या वायरला गुंडाळायचा स्वस्तातला टॅकोमीटर मिळतो, तो घ्या. कानानं फेरे मोजणारे मिस्त्री असतात, पण तुम्ही आणि मी ते नाही. स्लो गरजेपेक्षा वर ठेवला तर गिअर टाकताना ‘खटाक’ आवाज येतो आणि गिअरचे दात झिजतात. स्लो वाढवून आजार झाकणं म्हणतात ते हेच. मधल्या काळात इंजिन ठीक वाटतं, आणि बिल गिअरबॉक्सच्या नावानं येतं.

आता बांधलेल्या होडीतच थ्रॉटल चटकन पावभर उघडा. त्याहून जास्त नको, दोर तुटेल. इंजिन खोकून मेलं तर स्क्रू आणखी अष्टमांश बाहेर. जड होऊन, धूर टाकत हळूहळू उठलं तर अष्टमांश आत. थ्रॉटल सोडल्यावर फेरे खाली यायला रेंगाळत असतील, तर मिश्रण अजून पातळ आहे किंवा कुठूनतरी हवा घुसते आहे. दोन कार्बोरेटर असतील तर दोघांना सारखेच फेरे द्या आणि मधल्या दांडीवर दोन्ही पाकळ्या एकदम उघडतात की नाही ते पाहा. एक आधी उघडत असेल, तर दांडी सरळ केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

शेवटची परीक्षा मोकळ्या पाण्यात. लाइफ जॅकेट घाला, वल्हं सोबत ठेवा, आणि भरतीच्या वेळी जा, म्हणजे इंजिन बंद पडलं तर पाणी तुम्हाला आत आणेल, बाहेर नेणार नाही. नव्या प्लगवर काही मिनिटं पूर्ण रेसला चालवून, थ्रॉटल खाली न आणता किल स्विचनं बंद करा आणि प्लग काढा. चहासारखा तपकिरी असेल तर छान. टू-स्ट्रोकचा त्याहून थोडा काळसर असला तरी हरकत नाही. ओला काळा म्हणजे जाड. पांढरा, भाजल्यासारखा असेल तर त्याच क्षणी मंद वेगानं घरी या. पूर्ण रेसला पातळ मिश्रणावर चालणारं टू-स्ट्रोक पिस्टन वितळवतं, आणि त्याची आगाऊ सूचना फारशी देत नाही. उलट त्या आधीची काही मिनिटं ते कधी नव्हे इतकं गोड चालतं. ‘ॲव्हरेज वाढवून देतो’ म्हणून मेन जेट लहान घालणाऱ्या माणसाला म्हणूनच मी दारात उभं करत नाही.

इथे इथेनॉलबद्दल बोलायला हवं, कारण जुन्या मिस्त्रींचे आडाखे आता थोडे चुकतात ते त्यामुळे. आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. निव्वळ पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं साधारण १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलला ९ भाग पुरतात. २० टक्के मिश्रणाचा हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे निव्वळ पेट्रोलसाठी पाडलेल्या जेटवर हे पेट्रोल घातलं, तर इंजिन आठेक टक्के पातळ चालतं. स्लोवर हा फरक पायलटच्या स्क्रूनं भरून काढता येतो, म्हणून जुनी फेऱ्यांची संख्या थोडी बाहेर सरकलेली दिसली तर घाबरू नका. पूर्ण रेसला मात्र प्लग पाहूनच ठरवा. पांढरट दिसला तर मेन जेट एक नंबर मोठी, आणि तीही कंपनीची.

दुसरी अडचण जास्त गंभीर. इथेनॉल पाणी ओढतं, आणि कोकणातल्या जूनच्या हवेत ओढायला पाणी भरपूर. एका मर्यादेपलीकडे पाणी शिरलं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलमधून सुटून खाली बसतात. टू-स्ट्रोकचं तेल मात्र वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. टाकीतली नळी तळातून ओढते, म्हणजे इंजिनाला पहिला घोट जातो तो बिनतेलाचा. तपासणी सोपी: टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि तासभर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते सगळं पेट्रोल बाद. वरचं निथळून वापरू नका. पेट्रोल लागेल तेवढंच आणि जिथे विक्री जास्त आहे अशा पंपावरून घ्या, महिन्यांचा साठा करू नका. जुन्या नळ्या आणि फुगे या पेट्रोलनं मऊ पडतात. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या मिळतात, त्या घाला.

तेलाबद्दल एक वाक्य सांगून सोडणार होतो, पण तिथे गैरसमज फार आहे. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली. २४ लिटरच्या टाकीला ४८० मिली, म्हणजे अर्ध्या लिटरला जरासं कमी. तुमच्या इंजिनाचं प्रमाण मॅन्युअलमध्ये पाहा, काहींचं वेगळं असतं, आणि नव्या इंजिनाला सुरुवातीचे तास दुप्पट लागतं. तेल आउटबोर्डचंच, डब्यावर टीसी-डब्ल्यू ३ लिहिलेलं. मोटारसायकलचं टू-टी तेल हवेनं गार होणाऱ्या इंजिनासाठी असतं, इथे ते राख करतं. आणि ‘जास्त तेल बरं’ हा समज सोडा. जेटमधून जाणाऱ्या थेंबात तेल वाढलं की पेट्रोल तेवढं कमी होतं, म्हणजे मिश्रण पातळच होतं. रॉकेलवर चालणारी आउटबोर्डं निराळी बनवलेली असतात. पेट्रोलच्या इंजिनात रॉकेल मिसळून पैसे वाचत नाहीत.

समुद्रातून आल्यावर इंजिनाला गोडं पाणी पाजा, पण झाकण काढून वरून पाइप मारू नका. कार्बोरेटर ज्या तोंडानं हवा घेतो, त्यानं पाणीही घेईल.

मे संपायच्या आत एक अर्धा तास काढा. टाकीची नळी सोडवा, इंजिन पाण्यात स्लोवर चालू ठेवा, वाटीतलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेल. ते बंद पडलं म्हणजे वाटी रिकामी झाली असं नाही, तळाशी थोडं उरतंच. म्हणून वाटीच्या बुडाचा स्क्रू सोडा आणि उरलेलं डब्यात घ्या, खाडीत नाही. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल टाका, दोरी दोन-तीनदा हळू ओढा, प्लग परत लावा. इंजिन उभं ठेवा, आडवं नको. एवढं केलेलं इंजिन नारळी पौर्णिमेला तिसऱ्या-चौथ्या ओढीत चालू होतं.

राजपुरीहून जंजिऱ्याला माणसं नेणाऱ्या शिडाच्या होड्यांना यातलं काहीच करावं लागत नाही, याचा मला दर जूनमध्ये हेवा वाटतो.

आणि जुळणी झाली की ती लिहून ठेवा, वहीत नाही, इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, पुसलं न जाणाऱ्या शाईनं: तारीख, पायलटचे फेरे, मेन जेटचा नंबर, प्लगचा नंबर. माझ्या झाकणाच्या आत सध्या ‘पायलट पावणेदोन’ लिहिलेलं आहे. त्याच्या शेजारी, लाल अक्षरांत, ‘आधी टाकीचं झाकण बघ’.